पोशाचा धूर आणि आत्याबायचे कावळे

किस्से हे वलांडीवरच्या बोंबलांसारखे असतात. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. एक ओढायला जावं तर दुसरा आपोआप हातात येतो. मी नेहमी एकच सांगायचा म्हणून बसते आणि उठते तेव्हा पाटी रिकामी झालेली असते. आज काठीचे किस्से सांगते, म्हणजे किती निघतील ते मलाही ठाऊक नाही.

तर आटपाट कोळीवाडा होता. थळच्या खाली, काशीदच्या वर, खाडीच्या तोंडाशी. तिथं हिराजी नावाचे एक कोळी राहत, ते माझे सासरे. त्यांची बायको येसू, म्हणजे माझ्या आत्याबाय. त्यांचा एकुलता लेक, म्हणजे आमचे हे. आणि त्यांची सून मी, चांगुणा. घरात माणसं चार, चूल एक, होडी एकही नाही. सासऱ्यांची होडी होती, पण मी लग्न होऊन यायच्या आधीच, पावसाळ्याच्या तोंडाला ती खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, चढली आणि तिचे दोन तुकडे झाले. कोळ्याची होडी गेली की त्याचे पायच गेले. म्हणून गावानं त्यांना काठी दिली.

काठी म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावाला धक्का नव्हता. मुंबईची आगबोट उथळ पाण्याला भिऊन लांब, खडपांच्या पलीकडं उभी राहायची. मध्ये टेकडी आडवी, त्यामुळं गावातून ती दिसायची नाही. तिची शिट्टी ऐकून मचवा पाण्यात लोटावा, तोवर ती आमच्या माणसांना घेऊन पुढच्या बंदराच्या वाटेला लागलेली असायची. म्हणून टेकडीवर एक उंच काठी रोवलेली होती. तिच्या बुडाशी बसून समुद्राकडं बघायचं, धूर दिसला की लाल बावटा चढवायचा. बावटा बघून वल्हेकरी मचवा लोटायचे आणि बोटीच्या आधी जागेवर पोचायचे. ह्या कामाबद्दल गावातली प्रत्येक होडी आमच्या घरी रोज मूठभर मासळी टाकायची. आमची चूल त्या मुठींवर पेटायची. काठी गेली असती तर आम्ही चौघांनी काय खाल्लं असतं, ते खाडीतल्या चिंबोऱ्यांनाच विचारा.

*

सुरुवातीचे दिवस बघायला हवे होते. दोन कंपन्यांच्या बोटी चढाओढीनं धावायच्या. सकाळी दोन खाली जायच्या, दुपारी दोन वर यायच्या, आणि मध्येच एखादी मालाची. सासऱ्यांना मान वळवायलाही फुरसत नसे. धूर हा धूर व्हायच्या आधीच त्यांना दिसायचा, असं गाव म्हणायचं.

एकदा बोटीच्या ऑफिसातला एक कारकून गळ्यात दुर्बीण अडकवून टेकडीवर आला. काठीचं काम कसं चालतं ते बघायला आला होता. सासऱ्यांना म्हणाला, तुमच्या डोळ्यांचं कौतुक ऐकलंय, आज जरा शर्यत लावू. तो दुर्बिणीला डोळा लावून बसला. सासरे पान जुळवत बसले. मी पेज घेऊन गेले होते, सगळं माझ्यासमोर झालं. चुना लावता लावता, मान वर न करता सासरे म्हणाले, "आयली."

कारकून म्हणाला, कुठं? सासऱ्यांनी बोट दाखवलं. त्यानं दुर्बीण तिकडं फिरवली, पुसली, पुन्हा फिरवली. पान खाऊन झालं तेव्हा त्याला धूर दिसला. पार ओशाळला बिचारा. तेव्हा सासरे त्याला समजावून म्हणाले, "सायेब, तुमी नळीतून बघता, तुमाला नळीएवढा समुद्र दिसतो. आमाला फुकटचा हाय, सगला दिसतो."

*

आता कावळ्यांचं सांगते. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी नवी नवरी. आत्याबायनी मला जवळा राखायला बसवलं. चटईवर जवळा पसरलेला, हातात एक वेताची काठी, आणि कावळे हाकायचे. कावळे तर असे यायचे, जणू त्यांच्याच घरचं लग्न आहे. एक हाकला की दोन, दोन हाकले की चार. पण एकालाही मी चोच लावू दिली नाही. संध्याकाळी हात दुखायचे, जवळा मात्र जसाच्या तसा.

आत्याबायना माझी दया आली. त्यांनी कुठून तरी एक मेलेला कावळा आणला आणि बांबूला उलटा टांगला. झालं! कावळ्यांची जात हुशार, एकही फिरकला नाही. मला वाटलं, सुटले. मी काठी मांडीवर घेऊन बसले. चटईकडंच बघत होते, शपथेवर सांगते. डोळे मिटलेही नव्हते. पण बघता बघता मी मनानं माहेरी गेले. आईला भेटले, बहिणीशी भांडले, पेरूच्या झाडावर चढले.

परत आले ती आत्याबायच्या आवाजानं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. चटईच्या मध्यावर शेजारच्या नागीचं काणं मांजर बसलं होतं. घाई नाही, गडबड नाही, मिशा पुसत पुसत जेवत होतं. माझ्यापासून हातभर लांब.

आत्याबाय म्हणाल्या, "बरा हाय. मांजर खातंय, सून राखतेय."

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यात तेल घालून बसायचं ठरवलं. पण आत्याबायनी वेगळंच केलं. मेलेला कावळा सोडून पुरून टाकला आणि चटईच्या चारी बाजूंना माशांची डोकी फेकली. म्हणजे हाकायला मी आणि बोलवायला सासू! कावळ्यांची जत्राच भरली. दिवसभर काठी फिरवत होते. काणं मांजर दोनदा कुंपणाशी आलं आणि दोन्ही वेळा माझी काठी त्याच्या आधी तिथं पोचली.

संध्याकाळी मी जरा रागानंच विचारलं, आत्याबाय, कावळे मुद्दाम कशाला बोलावले? त्या जवळा गोळा करत होत्या. म्हणाल्या, "तू जवला राखतंस. कावलं तुला राखतात."

*

मग दिवस बदलले. एक कंपनी बंद पडली. दुसरीनं बोटी कमी केल्या. आधी दिवसाला एक, मग दिवसाआड, मग आठवड्याला एक, आणि शेवटी तर तिचा वारही ठरलेला राहिला नाही. माल भरला की निघायची. गावातली माणसं म्हणायची, हिराजीला आता आराम झाला. दिवसाला पाच बघायच्या तिथं आठवड्याला एक, एवढं तर आंधळाही बघेल.

आणि नेमकी तेव्हाच बोट चुकली.

नागीच्या नवऱ्याचं नाव गोमा. त्याच्या पुतणीचं लग्न होतं, नवरदेव मुंबईच्या कोळीवाड्यातला, वऱ्हाड बोटीनं येणार. मांडव उभा राहिला, वाजंत्री कालपासून येऊन बसलेली. सासरे काठीशी. सहा दिवस समुद्र कोरा करकरीत होता. सातव्या दिवशी भर दुपारी बोट आली, उभी राहिली, तीन शिट्ट्या दिल्या आणि निघून गेली. वाजंत्री इतकी जोरात वाजत होती की गावात कुणालाही शिट्टी ऐकू आली नाही. सासऱ्यांना ती ऐकू आली, तेव्हा ते भानावर आले, आणि बोट अशी समोर, घरासारखी उभी.

नवरदेव बाशिंग बांधून कठड्याशी उभा होता म्हणे. सासुरवाडी डाव्या हाताला आली, मागं पडली, दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुढच्या बंदरावरून बैलगाडीनं आला. हळदीवर धुळीचा थर. उतरताच त्यानं विचारलं, काठीवाला कोण? सासरे मान खाली घालून पुढं झाले. नवरदेव त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, एक बंदर जास्त फुकट फिरवलात. पुढच्या टायमाला बायकोसंगट फिरवा."

सगळा मांडव हसला. गोमा हसला नाही.

घरी सासरे मला म्हणाले, "झोपलो नव्हतो गो. बघत होतो. बघत होतो, पन दिसत नव्हतं." मला माझं पेरूचं झाड आठवलं.

*

एकदा चुकल्यावर माणूस घाबरतो. सासरे असे घाबरले की त्यांना जिथं तिथं बोट दिसायला लागली. ढगाचं टोक दिसलं की बावटा. पाखरांचा थवा उठला की बावटा. एकदा तर टेकडीखाली कुणी पाला जाळत होतं, त्याच्या धुरालाही बावटा चढला.

वल्हेकऱ्यांचा म्होरक्या तुका, अंगानं दांडगा पण बोलायला गरीब. एकाच दिवशी तीन वेळा मचवा लोटून खडपांच्या पलीकडं गेला आणि रिकामा परत आला. तिसऱ्या वेळी वल्हं खांद्यावर घेऊन तो थेट टेकडीवर चढला. घामानं निथळत होता. सासऱ्यांच्या शेजारी बसला, पाणी प्याला आणि शांतपणे म्हणाला, "हिराजीकाका, ढगाला लई समजावला. तो मचव्यात बसत न्हाय. टिकीट मागतो."

त्यानंतर बावटा चढला की वल्हेकरी आधी विडी संपवायचे, मग उठायचे. हे चुकण्याहून वाईट होतं.

*

मग गावच्या पाटलांनी तोड काढली. एकाचे डोळे पुरत नाहीत तर दोघांना बसवा. सासऱ्यांच्या जोडीला गोमा. गोमा तरणा, नजर तीक्ष्ण, आणि मनातून काठी त्याला हवीच होती. नागी तर पाणवठ्यावर सांगत सुटली होती, की आता काठी आमच्याकडं येते की नाही बघा.

पहिले दोन दिवस दोघं असे बघत होते की समुद्रालाच लाज वाटावी. आधी कोण बघतो अशी चुरस. तिसऱ्या दिवशी चुरस थंडावली. पाचव्या दिवशी मी पेज घेऊन गेले तर दोघं गुण्यागोविंदानं सुपारी कातरत बसले होते. मला बरं वाटलं. भांडण मिटलं म्हणून!

सहाव्या दिवशी बोट आली आणि गेली.

शिट्टी झाली तेव्हा सासऱ्यांनी गोमाकडं बघितलं, गोमानं सासऱ्यांकडं. दोघं एकदमच म्हणाले, "तू बघत होतास ना?"

सासऱ्यांचं म्हणणं, ह्याचे डोळे तरणे, हा बघेल. गोमाचं म्हणणं, म्हाताऱ्याचा एवढ्या वर्षांचा सराव, तो बघेल. चार डोळे होते, पण दोन दुसऱ्याच्या भरवशावर आणि दोन पहिल्याच्या.

त्या बोटीत होती पाटलांची सासू. ती पुढच्या बंदरात उतरली नाही. "मी टिकीट माझ्या जावयाच्या गावाचं काढलंय, तिथंच उतरीन," म्हणून हटून बसली आणि बोटीबरोबर शेवटच्या बंदरापर्यंत जाऊन आली. पाटील तीन दिवस कुणालाच काही बोलले नाहीत. उलट जरा खुशीतच दिसत होते. चौथ्या दिवशी सासू घरात पोचली, तेव्हा त्यांना राग आला.

त्यांनी सगळ्यांदेखत सासऱ्यांना सांगितलं, "हिराजी, गोमाची ही पयली चूक, तुजी दुसरी. तिसऱ्यांदा बोट अशीच गेली तर काठी गोमाच्या घरी जाईल. मंग मला बोल लावू नको."

त्यांचंही चूक नव्हतं. गाव त्यांनाच विचारणार ना.

*

घरी आल्यावर सासरे भिंतीला टेकून बसले. म्हणाले, डोळे गेले माझे, उद्या मीच जाऊन काठी देऊन येतो. आमचे हे म्हणाले, आपण मुंबईला गोदीत जाऊ. मी रडायच्या बेतात.

आत्याबाय कोळंबी सोलत होत्या. म्हणाल्या, "डोलं ऱ्हातील हायेत तिथं. समुद्र रिकामा झालाय. रिकाम्या ताटाकडं कोन किती वेल बघंल?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चांगुणे, कावलं आठवतात?"

सासऱ्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला.

दुसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. सासरे संध्याकाळी घरी आले ते वैतागून. म्हणाले, कोण येडा खडपाच्या बाजूला होडीत बसून नारळाची सोडणं जाळतोय? आज सात वेळा धूर दिसला. सात वेळा उठलो. आत्याबाय म्हणाल्या, मग बावटा चढवला का? सासरे उखडलेच. "मी काय खुला हाय? सोडणाचा धूर पांढरा, बारीक. बोटीचा धूर काला, जाडा. कुनालाबी कलंल."

आत्याबायनी त्यांच्या ताटात मोठा तुकडा वाढला.

पुढच्या दिवशी पाच वेळा. त्याच्या पुढच्या दिवशी नऊ वेळा. कधी सकाळी लागोपाठ तीन, मग दुपार कोरडी, मग अवचित एक. सासऱ्यांनी त्या येड्याला पकडायचं मनावरच घेतलं. उन्हात कपाळावर हात धरून बसायचे, पान जुळवायलाही मान खाली घालायचे नाहीत. आणि अशाच एका सकाळी, येड्याच्या दोन धुरांच्या मध्ये, त्यांना काळा धूर दिसला. धूर व्हायच्या आधी दिसला! तुका विडी पुरी न करता मचव्यात बसला.

तीन महिने एकही बोट चुकली नाही, आणि ढगाला एकदाही बावटा चढला नाही.

*

तो येडा म्हणजे पोशा. आत्याबायचा धाकटा भाऊ. एकट्यापुरती लहानशी होडी होती त्याची, टेकडीच्या पुढं गळ टाकून बसायचा. बहिणीनं त्याला एक शेगडी दिली आणि ओली सोडणं दिली. मनाला येईल तेव्हा जाळ, पण ठरलेल्या वेळी जाळू नको, एवढंच सांगितलं.

पोशाचे हाल काय सांगू! समुद्रात वारा कुठूनही फिरतो. सगळा धूर त्याच्याच तोंडावर. संध्याकाळी घरी जायचा तो डोळे लालभडक, नाक वाहतंय. त्याची बायको आमच्या दारात येऊन भांडली, की माझा नवरा समुद्रात बसून ताडी पितो आणि तुम्हाला ठाऊक आहे. आत्याबाय म्हणाल्या, "ताडी कसली गो? भयनीची माया आयली, म्हनून रडतो."

पोशा मला एकटीला गाठून म्हणाला, "दाजींनी जागं ऱ्हावं म्हनून मी रोज रडतोय. सांग तुज्या सासूला, दुसरा भाऊ बघ म्हनावं."

भांडं फुटलं ते शिमग्याला. पोशानं बहिणीला सणाची म्हणून एक घोळ आणून दिली. कालवण झालं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड थांबवलं. दुसरा घास घेतला. मग म्हणाले, "ह्या मासलीला सोडणाचा वास येतो."

पोशाचे लाल डोळे सगळ्यांच्या समोर होते.

सासरे ताटावरून उठले. घरात जन्म काढलेल्या बाईनं आपल्याला कावळे हाकायला बसवलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पोशाला बजावलं, उद्यापासून एक काडी पेटवायची नाही. आत्याबाय म्हणाल्या, बरं. आणि खरंच बंद केलं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. मी पेज घेऊन जायचे तर सासरे समुद्राकडं तोंड करून बसलेले. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तरी त्यांना कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कुणाला न सांगता पोशाच्या घरी गेले. मागून मी गेले, म्हणून ऐकलं. दारात उभं राहून, त्याच्याकडं न बघता ते म्हणाले, "पोशा, उद्यापास्नं जाल. पन कवा जालशील ते मला सांगू नको."

*

आता शेवटचा.

पाटलांची लेक सोनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस भरत आलेले. बोट चुकली तर पोरगी पुढच्या बंदरात उतरणार आणि बैलगाडीत धक्के खात येणार. पाटील रोज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी येऊन वर बघायचे. बोलायचे काही नाहीत, पण सासऱ्यांना ते बोलल्याहून जड व्हायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, ही बोट चुकली तर ती तिसरी.

पाचव्या की सहाव्या दिवशी, उन्हं चढलेली, मी पेज घेऊन वर गेले. सासरे काठीशी बसलेले. समोर, खडपाच्या बाजूला पांढरा धूर. सासरे मला म्हणाले, आज पोशा बघ किती जाळतोय, मघापासून विझवलंच नाही. एवढी सोडणं आणली कुठून?

मी भांडं खाली ठेवते आहे तोच मागून आवाज आला, "दाजी, जरा तंबाकू हाय का? आज डोलं लई चुरचुरतात, म्हनून होडी काढलीच न्हाय."

पोशा होता.

सासऱ्यांनी मागं वळून पोशाकडं बघितलं. मग समुद्राकडं बघितलं. मग पुन्हा पोशाकडं.

"पोशा," ते म्हणाले, "तू हितं हायस, तर तिकडं कोन जलतंय?"

आणि त्यांनी बावटा चढवला.

खाली किनाऱ्यावर मात्र कुणी हलेना. पांढऱ्या धुराची गोष्ट शिमग्यापासून गावभर झाली होती. पाळण्याच्या दोरीसारखी ती प्रत्येकाच्या हातून गेली होती. टेकडीच्या कडेवरून गोमानं धूर बघितला आणि ओरडून सांगितलं, बसा रे, तो पोशा जाळतोय, म्हातारा पुन्हा चुकला. शिट्टीही झालेली नव्हती. तुका मचव्याला हात लावून उभा, पण लोटेना.

तेव्हा पोशा टेकडीवरून धावत सुटला. पायाला काटे, धोतर सुटलेलं, छाती बडवत ओरडत होता, "मी हितं हाय! आरे, बघा, मी हितं हाय!"

तुकानं त्याला बघितलं, आणि मचवा पाण्यात गेला.

बोटच होती ती. तिच्या बॉयलरला भेग पडली होती, वाफ बाहेर येत होती, म्हणून धूर पांढरा. शिट्टीलाही वाफ उरली नव्हती. भरतीच्या ओढीनं ती सरकत सरकत खडपाकडं चालली होती. सासऱ्यांनी बावट्याची दोरी माझ्या हातात दिली. "काठी धर," म्हणाले, आणि त्या वयात उड्या मारत खाली उतरून मचव्यात बसले. ते खडप त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांची होडी तिथंच मोडली होती.

मी काठीशी उभी. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकू काही येत नव्हतं. नंतर तुकानं सांगितलं ते असं. बोटीवरचे खलाशी नांगर टाकत होते आणि नांगर खडकावरून घसरत होता. सासरे मचव्यातून ओरडले, "थितं नको, थितं खडक हाय. जरा ऱ्हावा. आता टाक. हितं वालू हाय, धरंल." कॅप्टननं एका म्हाताऱ्या कोळ्याचं ऐकलं, हे त्याचं मोठेपण. नांगर धरला. बोट थांबली, खडपापासून दोन वल्ह्यांवर.

सोनूला दोरीच्या पाळण्यात बसवून मचव्यात उतरवलं. तो दोर गोमानं धरला होता. दुसरा मचवा घेऊन तो स्वतः आला होता. दोन दिवसांनी सोनूला मुलगी झाली. पाटलांची सासू खोलीबाहेर येऊन म्हणाली, पणती वेळेवर आली, गावच्या काठीचा भरवसा नसताना! पण ह्या वेळी तिचं कुणी मनावर घेतलं नाही. पाटलांनी सांगून टाकलं, काठी हिराजीच्या घरची, त्याच्या नातवंडांपर्यंत. गोमा म्हणाला, बरं झालं, माझ्यानं ते काळं-पांढरं व्हायचं नाही.

त्या बोटीत माणगावचे एक लाकूडवाले शेटजी होते. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि खडप इतक्या जवळून त्यांनी प्रथमच बघितलं होतं. पावसाळ्याआधी त्यांनी आमच्या दारात सागाचे ओंडके आणून टाकले. सुताराचं पाटलांनी बघितलं. पाऊसभर आमच्या अंगणात करवत वाजत होती, आणि सासरे प्रत्येक फळीवरून हात फिरवत होते. नारळी पुनवेच्या आधी होडी तयार झाली. किती वर्षांनी घरात होडी आली!

सुतारानं विचारलं, नाव काय घालू? गावातल्या सगळ्या होड्या देवीच्या नावाच्या. सासऱ्यांनी आत्याबायकडं बघितलं. आत्याबाय म्हणाल्या, "नाव लिवलंस तर आमाला वाचता येनार न्हाय. चित्र काढ. कावला काढ."

सुताराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं तीनदा विचारलं. नागी म्हणाली, अगो, नव्या होडीवर अशुभ पाखरू कशाला? भटजींनीही तोंड वाकडं केलं. पण सासरे म्हणाले, "ती सांगते ते काढ." मग त्यानं नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना काळ्या रंगानं दोन कावळे काढले. चोच उघडलेले.

नारळी पुनवेला सगळा गाव किनाऱ्यावर आला. आमचे हे होडीत, पोशा वल्ह्यावर, आणि पाटलांनी नारळ पाण्यात सोडला. होडी पहिल्या लाटेवर चढली, तेवढ्यात कुठून तरी एक खरा कावळा आला आणि नाळेवर बसला. कुणी तरी हाकलायला हात उचलला.

आत्याबायनी तो हात धरला.

"बसू दे त्याला," त्या म्हणाल्या. "कामावर आयलाय."